शनिवार कुणाचा?

आयर्लंडमधल्या ओंगारच्या आमच्या घरात शनिवार उजाडायचा तो स्मोक अलार्मच्या किंकाळीने. आई पोह्यांची फोडणी टाकायची, मोहरी तडतडायची, मिरचीचा ठसका घरभर पसरायचा आणि छताला चिकटवलेलं ते पांढरं गोल यंत्र जीव खाऊन ओरडायला लागायचं. बाबा खुर्चीवर चढून त्याला टॉवेलने वारा घालायचे, आई खालून "अहो, आधी दार उघडा, दार!" म्हणून ओरडायची, आणि मागच्या अंगणातून माझ्या चेंडूचा आवाज यायचा. धप्प, धप्प, धप्प. घराच्या बाजूच्या भिंतीवर मी स्लिटर मारत असायचे. स्लिटर म्हणजे कमोगीचा चेंडू, चामड्याचा, लहानसा आणि लागला तर डोळ्यांपुढे तारे चमकवणारा. तो मारायचा हर्लीने, म्हणजे टोकाला चपटी असलेल्या लाकडी काठीने. आयर्लंडमध्ये मुलगे हाच खेळ खेळतात तेव्हा त्याला हर्लिंग म्हणतात, मुली खेळतात तेव्हा कमोगी. पुण्याच्या नातेवाइकांना फोनवर हे समजावता समजावता आई शेवटी कंटाळली आणि "हॉकीच, पण जरा मारामारीची" असं सांगून मोकळी व्हायला लागली. मला ते मुळीच आवडायचं नाही. हॉकी काय! हॉकीत चेंडू जमिनीवर सरपटतो, आमचा आभाळातून यायचा.

आता गंमत अशी की या खेळात मी शिरले ती केवळ एका गैरसमजामुळे. कोथरूडहून येऊन आम्हाला थोडेच महिने झाले होते. शाळेच्या मैदानावर ब्रायडी नावाच्या बाई मुलींना कमोगी शिकवायला यायच्या. साठीच्या आसपासच्या, तांबड्या गालांच्या, आवाज असा की पलीकडच्या वसाहतीतली कुत्री गप्प व्हावीत. आमच्या क्लबच्या त्या कोच. त्यांनी मला कुंपणापाशी एकटी उभी पाहिलं आणि विचारलं, "इंडियाची ना तू? मग क्रिकेट येत असणार! चल, गोलमध्ये उभी राहा." मी जन्मात बॅट हातात धरली नव्हती. आमच्या सोसायटीत मुलगे क्रिकेट खेळायचे आणि आम्हाला हाकलून द्यायचे. पण हे सगळं इंग्रजीत सांगण्याइतकं धैर्य माझ्यापाशी नव्हतं, म्हणून मी मुकाट्याने जाऊन दोन खांबांच्या मध्ये उभी राहिले. पहिला चेंडू आला तो मी लगोरीत अडवायचे तसा पोटाशी धरून अडवला. ब्रायडी आनंदाने ओरडल्या, "बघा! रक्तातच आहे!" त्या दिवसापासून मी गोलकीपर झाले ती झालेच. लोक दुसऱ्याबद्दल काहीतरी ठरवून बसतात आणि त्याने नुकसान होतं हे खरंच आहे, पण माझं तरी त्या एका वेळी भलं झालं आणि ते मी कधी विसरले नाही.

गणिताच्या बाबतीत मात्र असं भलं झालं नाही. मी भारतातून आलेली, आई ब्लँचर्डस्टाउनच्या हॉस्पिटलात डॉक्टर, बाबा सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे मी गणितात हुशार असणारच, असं अख्ख्या वर्गाने ठरवून टाकलं. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या वर्गाने माझ्या वहीवरून गृहपाठ उतरवला आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाची उत्तरं चुकली, सगळ्यांची अगदी सारखी. त्यानंतर कुणी माझी वही मागितली नाही. पण शिक्षकांचा विश्वास काही ढळला नाही. पालकसभेला बाबांनी सवयीप्रमाणे विचारलं, "वर्गात हिचा नंबर कितवा?" सर म्हणाले, "नंबर? आम्ही नंबर काढत नाही. केतकी इज ग्रँड." म्हणजे इथल्या भाषेत, ठीक चाललंय. परत येताना गाडीत एका सिग्नलला बाबा म्हणाले, "ग्रँड म्हणजे किती टक्के धरायचे?" आईला हसू आवरेना. बाबांना मात्र हसू आलं नाही. जिथे नंबर काढत नाहीत तिथे आपली मुलगी किती मागे आहे हे कळणार कसं, या काळजीने त्यांची झोप उडाली होती. आज माझा मुलगा त्याच वयाचा आहे, त्याच्या शाळेतून 'ही इज ग्रँड' असं ऐकून मी परत येते, आणि खरं सांगते, आता मी राहते त्या ॲथलोनच्या सिग्नलला माझ्याही मनात टक्केच येतात.

तर बाबांनी निर्णय घेतला. पुढचं वर्ष ज्युनियर सर्टचं, म्हणजे इथल्या बोर्डाच्या पहिल्या परीक्षेचं. खासगी शिकवणीला इथे ग्राइंड्स म्हणतात, तर गणिताचे ग्राइंड्स लावायचे. आणि ते मिळत होते फक्त शनिवारी सकाळी. शनिवारी सकाळीच कमोगीच्या मॅच असायच्या. मी रडले, जेवले नाही, आईच्या मागे लागले. शेवटी तडजोड झाली की आमची चौदा वर्षांखालची टीम फायनलला पोचली आहे, तेवढी फायनल खेळायची आणि मग हर्ली जिन्याखालच्या प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आम्हीही म्हणायला लागलो होतो. "एकदा ज्युनियर सर्ट होऊ दे, मग बघू," बाबा म्हणाले. हे 'मग बघू' मला चांगलं माहीत होतं. कथ्थक 'मग बघू' मध्येच गेलं होतं.

माझं दुःख समजणारी एकच व्यक्ती होती, ओला. ओला पोलंडची, माझ्या पुढे फुलबॅकला खेळायची, म्हणजे माझ्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येकीला आधी ओलाची गाठ घ्यावी लागायची आणि शक्यतो कुणी ती घेत नसे. तिचंही शनिवारचंच दुखणं. पोलिश मुलांसाठी शनिवारी वेगळी शाळा भरायची, तिथे पोलिश भाषा, इतिहास, भूगोल, परीक्षा सगळं. ओलाची आई बेआता एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि ती शाळा चुकवायची म्हटलं की घर डोक्यावर घ्यायची. फायनलपुरती तिनेही सूट दिली होती. पण हे माझ्या आईबाबांना माहीतच नव्हतं. बाबांच्या मते पोलिश लोक म्हणजे कष्टाळू, अंगमेहनतीचे, "पण मुलांच्या अभ्यासाचं त्यांना फारसं नसतं." आणि ओला मला सांगायची की तिच्या आईच्या मते भारतीय लोक मुलांना कपाटात कोंडून गणितं सोडवायला लावतात. मी म्हटलं, कपाटात अजून तरी नाही, पण हर्ली जाणार आहे कपाटात. आम्ही दोघी बसस्टॉपवर पोट धरून हसलो होतो.

फायनलच्या आधी ब्रायडी आमच्या दारात उभ्या. मॅचमध्ये गोलच्या दोन्ही खांबांपाशी एकेक अंपायर लागतो, चेंडू आत गेला की वरून गेला की बाजूने, हे सांगायला. मोठ्या मॅचना रेफरी आपली माणसं आणतो, पण आमच्यासारख्या पोरींच्या मॅचना दोन्ही क्लबांनी आपापले पालक द्यायचे असा रिवाज. आमचे नेहमीचे एक गृहस्थ पाय मुरगळून बसले होते. "श्री," ब्रायडी बाबांना म्हणाल्या, कारण श्रीकांत त्यांना झेपत नसे, "तू येशील का? काही नाही रे, नुसतं उभं राहायचं. गोल झाला की हिरवं निशाण, दांडीवरून गेला की पांढरं." बाबा गडबडले. हो म्हणणं भाग होतं, दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. जाता जाता ब्रायडींनी डोळा मिचकावला, "आणि शंका असेल तर आपल्या बाजूने, काय?" बाबांनी मान डोलावली. दार लागलं आणि ते मला म्हणाले, "केतकी, याचं नियमांचं पुस्तक असेल ना?"

पुस्तक मिळालं. बाबांनी ते इंजिनिअरिंगच्या सेमिस्टरला वाचावं तसं वाचलं, पिवळा हायलायटर घेऊन. ऑफिसातून आले की चहा आणि पुस्तक. ब्रायडींनी सांगितलेला 'शंका असेल तर' हा नियम कुठल्या पानावर आहे ते त्यांना सापडेना, म्हणून ते बेचैन झाले. स्वयंपाकघरात दोन टॉवेल घेऊन निशाण वर करण्याचा सराव सुरू झाला आणि त्या सरावात फ्रीजवरची चिवड्याची बरणी खाली आली. क्लबचा पांढरा लांब कोट घरी आला तेव्हा त्यांनी तो आरशासमोर घालून पाहिला. आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. ती दारातच थांबली. "घरात डॉक्टर मी, आणि कोट घालून हिंडताय तुम्ही!" मी हसत होते, पण आतून मला काहीतरी भलतंच वाटत होतं. ज्या खेळाला बाबा वेळेची नासाडी म्हणत होते त्या खेळाबद्दल ते आता माझ्यापेक्षा जास्त बोलत होते. जेवताना मला विचारायचे, "समजा, चेंडू खांबाला लागून रेषेवरच थांबला. काय देशील?" मी घास गिळून म्हणायचे, "नथिंग, बाबा. प्ले ऑन." "करेक्ट!" आणि मला आणखी एक पोळी वाढायचे.

फायनलचा दिवस! वारा असा सुटला होता की मैदानाच्या कडेच्या छत्र्या उलट्या होत होत्या. दोन्ही बाजूंनी माणसंच माणसं, चहाचे फ्लास्क, कुत्री, बाबागाड्या. आईने सगळ्यांना पुरतील इतके बटाटेवडे तळून आणले होते, बेआताने खसखशीचा गुंडाळलेला केक आणला होता, आणि दोघी एकमेकींच्या डब्यांकडे आणि मग एकमेकींकडे सावधपणे बघत होत्या. मॅच सुरू होण्याआधी बाबा पांढरा कोट घालून तिथे आले. बेआताने सरळच विचारलं, "पुढच्या शनिवारपासून केतकी नाही म्हणे? गणितं?" बाबा अवघडले. म्हणाले, "हो, शनिवारीच मिळतात ना क्लास. ओला मात्र खेळेल, तुमच्याकडे तसा प्रश्न नसेल." बेआता उसळलीच. "प्रश्न नाही? आमची शनिवारची शाळा आहे! आज तिची व्याकरणाची परीक्षा चुकवून आणलंय मी हिला! पोलंडला माझी आई फोनवर बोलत नाहीये माझ्याशी!" बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू परगावात शेजारच्या सोसायटीतलं कुणी भेटलं. मग ते दोघं मॅच सुरू होईपर्यंत शनिवारबद्दल, मुलांबद्दल, या देशात परीक्षा कशा सोप्या आहेत याबद्दल असे काही तावातावाने बोलत राहिले की रेफरीला येऊन अंपायर साहेबांना खांबापाशी घेऊन जावं लागलं.

पहिला अर्धा वेळ बाबा पलीकडच्या टोकाला होते. दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या आणि मी आले त्यांच्या खांबापाशी. माझ्या डावीकडे पाठीमागे बाबा, उजवीकडे समोरच्या क्लबचा एक टोपीवाला माणूस. बाबा माझ्याकडे बघेनात. निशाणं पायाशी व्यवस्थित ठेवून सावधान उभे. मी दोन चेंडू अडवले, एक तर हवेत उडी मारून, आणि कडेने "गुड गर्ल, किट!" असा गलका झाला. केतकीची मी तिथे किट झाले होते. ओला पुढे भिंतीगत उभी होती. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो आणि वेळ संपत आली होती. मला वाटलं, जिंकून तरी हर्ली प्रेसमध्ये जाईल. खरं सांगू? त्याहून जास्त वाटत होतं. आपण जिंकलो, सगळे मला खांद्यावर घेतील, बाबा ते बघतील आणि विरघळतील, अशी माझी सगळी भिस्त त्या कपवर होती.

आणि चेंडू आला. उंच, वाऱ्यावर डुलत, माझ्या अगदी पुढ्यात पडला. मी झेपावले, ओला झेपावली, त्यांच्या तिघीचौघी झेपावल्या. हर्लींचा नुसता खडखडाट. कुणाचं तरी हेल्मेट माझ्या दंडावर आदळलं, मी चेंडूवर पालथी पडले, माझ्यावर बाकीच्या. डोळे घट्ट मिटलेले, तोंडात गवत, छातीखाली तो टणक चेंडू. शिट्टी झाली. आम्ही एकेक करत उठलो. चेंडू माझ्या हातात होता आणि मी मैदानात होते, रेषेच्या अलीकडे. आमची माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्या मुली "गोल! गोल!" ओरडायला लागल्या. रेफरी धावत आला आणि त्याने टोपीवाल्याला विचारलं. तो बिचारा खांदे उडवून म्हणाला, "मला काही दिसलं नाही रे. पोरींचा ढीग होता समोर." मग रेफरी बाबांकडे वळला. सगळं मैदान बाबांकडे बघत होतं. कडेने ब्रायडी बघत होत्या, आई बघत होती, आणि मी तर बघतच होते. इंग्रजीत, आपल्या पुणेरी इंग्रजीत, पण अगदी स्पष्टपणे बाबा म्हणाले, "पडताना चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला होता. उठताना तो अलीकडे आला. गोल आहे." आणि वाकून त्यांनी हिरवं निशाण उचललं आणि वर केलं. एका गोलाचे तीन गुण. आम्ही एका गुणाने मागे गेलो, आणि तसेच हरलो.

माझा जो संताप झाला तो आठवला की अजून कानशिलं तापतात. मी हेल्मेट जमिनीवर आपटलं. "बाबा! यू आर माय डॅड!" एवढंच मला सुचलं. ओला ढसाढसा रडत होती. बेआता चिखल तुडवत आली, "श्री! जरा दुसरीकडे बघता नाही आलं?" बाबा म्हणाले, "बघण्यासाठीच तर उभा केला होता मला." मग ब्रायडी आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या हळू बोलल्या. "श्री, मी तुला सांगितलं होतं ना, शंका असेल तर आपल्या बाजूने?" बाबांनी कोटाची बटणं काढता काढता वर पाहिलं. चेहरा पडला होता, पण आवाज पडला नव्हता. "हो, तुम्ही म्हणालात शंका असेल तर," ते म्हणाले. "मला शंका नव्हती."

आम्ही गाडीत येऊन बसलो. काचांवर वाफ धरली होती. आईने मागे वळून मला वडा दिला, मी घेतला नाही. मला खात्री होती की आता आम्हाला इथे कुणी उभं करणार नाही, बस्स, संपलं. बाबा किल्ली लावून तसेच बसले होते. इतक्यात काचेवर टकटक झाली. ब्रायडी. बाबांनी काच खाली केली, शिव्या खायची तयारी ठेवूनच. ब्रायडी आत वाकल्या. "समोरच्या क्लबची कोच आत्ता माझ्याकडे आली होती. पुढच्या शनिवारी त्यांची मॅच आहे, म्हणाली, तुमचा तो पांढऱ्या कोटातला माणूस आम्हाला द्याल का? आयुष्यात असा अंपायर बघितला नाही म्हणे." त्यांनी नाक ओढलं. "मी सांगितलं तिला, चालती हो. तुझा तू शोध. हा आमचा आहे." आणि मग दरडावून, "पुढच्या शनिवारी आपल्या सोळाखालच्या मुलींची मॅच आहे. त्यांची कीपर आजारी आहे, तर किट त्या वरच्या वयोगटात खेळेल, आणि तू खांबापाशी. दर शनिवारी. येशील ना?"

'हा आमचा आहे' हे ऐकून बाबांना काय झालं ते मला आरशात दिसलं. या देशात ते टीममध्ये होते, मीटिंगमध्ये होते, पण कुणी दुसऱ्याशी भांडून त्यांना आपलं म्हटलं नव्हतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "येतो की," ते म्हणाले, "शनिवारी मी मोकळाच असतो." ब्रायडींनी गाडीच्या टपावर थाप मारली आणि निघून गेल्या. आईने, अगदी सहज विचारावं तसं, विचारलं, "अहो, आणि शनिवारचे ग्राइंड्स?" बाबा मांडीवरचा भिजलेला कोट घडी घालत राहिले. "रविवारी करू." "रविवारी कुणी घेत नाही," आई म्हणाली. "मग मी घेतो!" बाबा असे खेकसले की जणू आम्हीच काही मागत होतो. गाडी सुरू झाली, वायपर फिरायला लागले, आणि फाटकातून बाहेर पडता पडता त्यांनी मला विचारलं, "केतकी, शनिवारी मॅच किती वाजता आहे गं?"